डिप्रेशन आणि पॉझिटिव्ह सायकॉलॉजी: "जरा पॉझिटिव्ह राहा गं" ऐकून वैतागलेल्यांसाठी

"पॉझिटिव्ह विचार कर गं" हे मी आजारी असताना इतक्यांदा ऐकलंय की अजूनही कुणी म्हटलं तर दात आवळले जातात. आत्येसासूबाई म्हणायच्या, वरच्या मजल्यावरचे काका म्हणायचे, आणि फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी सहाला सूर्योदयाचा फोटो अन् त्याखाली सुविचार यायचाच. माझी तेव्हाची अवस्था अशी की अंघोळीला दुपारचे साडेचार वाजायचे आणि अंघोळ झाली की तेवढ्यानेच दमून परत आडवी. त्यामुळे काउन्सेलरने जेव्हा पहिल्यांदा "पॉझिटिव्ह सायकॉलॉजी" हा शब्द काढला तेव्हा मनात म्हटलं, झालं, ही पण त्यातलीच निघाली, आठशे रुपये पाण्यात.

ती त्यातली नव्हती. पण हा प्रकार सुविचारांपेक्षा वेगळा आहे हे कळायला मला बरेच महिने लागले, तेवढे तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही हां, पेशंट आहे (होते म्हणायला अजून जीभ धजत नाही), तेवढं धरून वाचा.

आधी थोडं कुत्र्यांबद्दल

पॉझिटिव्ह सायकॉलॉजी म्हटलं की मार्टिन सेलिगमन हे नाव येतंच. १९९८ मध्ये ते अमेरिकेतल्या सायकॉलॉजिस्ट लोकांच्या संघटनेचे अध्यक्ष होते आणि तिथून त्यांनी हा विषय लावून धरला, की माणसात काय बिघडलंय एवढंच किती दिवस बघायचं, काय चांगलं चाललंय आणि ते वाढवता कसं येईल हे पण बघू. पण गंमत अशी की या माणसाचं आधीचं नाव झालं होतं ते हतबलतेवरच्या कामामुळे. १९६७ च्या सुमारास त्यांनी आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले (वाचताना वाईट वाटतं, पण केले). काही कुत्र्यांना शॉक बसायचा आणि काही केलं तरी तो थांबायचा नाही. नंतर त्याच कुत्र्यांना अशा खोक्यात ठेवलं की मधला बुटका अडथळा ओलांडला की सुटका, तरी त्यातली बरीचशी उडी मारायचीच नाहीत, तिथेच बसून कण्हत राहायची. याला ते म्हणाले शिकलेली हतबलता.

मग २०१६ मध्ये याच दोघांनी लिहिलं की आपण उलटं समजलो होतो. मेंदूवरचं नवं काम बघता हतबलता शिकावी लागत नाही, खूप दिवस त्रास झाला की ती आपसूक येते, मेंदूची ती मूळचीच रीत आहे. शिकावं लागतं ते "माझ्या हातात काहीतरी आहे" हे. हे वाचलं तेव्हा मला एकदम हलकं वाटलं, कारण मी वर्षभर स्वतःला आळशी म्हणत होते. खाली जे काही सांगतेय ना, ते सगळं मला तरी याच एका गोष्टीची शिकवणी वाटते, की हातात काहीतरी आहे, कितीही बारकं असलं तरी.

पायरी शून्य: डॉक्टर. हे गाळून पुढे जायचं नाही

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली असते, मागच्या दोन आठवड्यांत किती त्रास झाला असं विचारतात, मार्क ० ते २७. दहा किंवा जास्त आले तर डॉक्टरकडे जायचं, पाच-सहा आले तरी काम-घर सांभाळणं जड जात असेल तर जायचंच. माझे १७ आले होते. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करायच्या विचारांबद्दल आहे, तिथे शून्य सोडून काहीही आलं तर त्याच दिवशी कुणाशी तरी बोला, थांबू नका. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. अगदी आत्ताच काही करून बसेन असं वाटत असेल तर एकटं राहू नका, घरच्यांना उठवा, ११२ लावा, जवळच्या हॉस्पिटलला जा.

डॉक्टर बहुतेक थायरॉईड, बी-१२, हिमोग्लोबिन तपासायला सांगतील, त्याला नाक मुरडू नका, यातलं काही बिघडलं तरी थेट डिप्रेशनसारखंच दिसू शकतं. आणि एक सांगायचं लोक विसरतात: मधेच कधी असे दिवस आले होते का की तीन तास झोपून पण एकदम फुल एनर्जी, धडाधड खर्च, डोक्यात शंभर प्लॅन? आले असतील तर आवर्जून सांगा, कारण मग आजार वेगळा असू शकतो आणि गोळ्या पण वेगळ्या. गोळ्यांचा फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. मी दहाव्या दिवशी "काही होत नाही" म्हणून बंद केल्या होत्या, मग पुन्हा पहिल्यापासून. तसलं करू नका.

पायरी एक: मूड यायची वाट बघायची नाही

याला शास्त्रात बिहेवियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, तसं हे पॉझिटिव्ह सायकॉलॉजीच्या आधीपासूनचं, पण याच्याशिवाय पुढचं काही उभंच राहत नाही असं माझं मत आहे. आपण समजतो की बरं वाटलं की करेन. डिप्रेशनमध्ये ते "बरं वाटलं की" येतच नाही, त्यामुळे उलटीकडून सुरुवात करायची, आधी करायचं, बरं वाटणं मागून येतं, कधी येतं कधी नाही येत, पण येतं ते याच बाजूने.

आणि हे काही परदेशातलं फॅड नाही हां, याची मोठी चाचणी आपल्या शेजारी गोव्यात झालीय. डॉ. विक्रम पटेल आणि संगाथ संस्थेच्या लोकांनी तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेल्या ४९५ जणांवर ही केली, २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. मला आवडलेली गोष्ट म्हणजे काउन्सेलिंग करणारे कुणी डिग्रीवाले नव्हते, साधी माणसं, त्यांना ट्रेनिंग दिलेलं. सहा ते आठ बैठका आणि भर सगळा याच्यावरच, की दिवसात काय करताय, त्याने मूडचं काय होतंय, आणि काय वाढवता येईल. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, आणि ज्यांना नेहमीसारखेच उपचार मिळाले त्यांच्यात ३९ टक्के.

करायचं कसं ते सांगते. एक काम निवडा आणि ते लाज वाटेल इतकं बारीक करा. "अंघोळ करायची" हे माझ्यासाठी डोंगराएवढं होतं, काउन्सेलर म्हणाली अंघोळ राहू दे, अकरा वाजता फक्त बादली भरायला लाव. एवढंच. बादली भरली की आपलं काम संपलं, पुढे अंघोळ केली तर बोनस. पहिल्या चार दिवसांत दोनदा बादली भरून तशीच ठेवली, सासूबाई म्हणाल्या हे काय गं पाणी भरून ठेवलंस, मी म्हटलं असू द्या. पाचव्या दिवशी अंघोळ अकरा वाजून दहा मिनिटांनी.

मग दुसरं काम जोडलं, सकाळी खाली जाऊन दुधाची पिशवी आणायची, तिसरा मजला, लिफ्ट नाही. इथे एक युक्ती: करायच्या आधी अंदाज लिहायचा, दहापैकी किती बरं वाटेल, आणि करून झाल्यावर खरंच किती वाटलं ते. मी आधी लिहायचे ० नाहीतर १, आणि येऊन लिहायचे ३. तीन म्हणजे काही आनंदीआनंद नाही, पण पंधरा दिवस सलग १ आणि ३, १ आणि ३ असं बघितल्यावर आपल्या डोक्याचा अंदाज कायम खालचाच निघतो हे स्वतःच्याच अक्षरात दिसतं, ते कुणी समजावून सांगून पटलं नसतं. कामं दोन प्रकारची ठेवा, एक "केलं बुवा" वालं (बिल भरणं, एक ड्रॉवर आवरणं) आणि एक निव्वळ मजेचं, चहा घेऊन गॅलरीत बसणं पण चालतं. वेळ ठरलेली हवी, "संध्याकाळी बघू" हे म्हणजे नाहीच.

पायरी दोन: तीन चांगल्या गोष्टी, कालनिर्णयच्या चौकोनात

पायरी एक दोन-तीन आठवडे जराशी रुळल्यावर हे घ्या, आधी नको. रोज रात्री झोपायच्या आधी दिवसात घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे लिहायचं "का घडलं". सेलिगमन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये वेबसाइटवर आलेल्या ५७७ लोकांना वेगवेगळे व्यायाम एक आठवडा करायला दिले होते, त्यात या व्यायामाने डिप्रेशनची लक्षणं कमी झाली आणि फरक सहा महिन्यांपर्यंत टिकला. ज्यांनी आठवडा संपल्यावर पण आपणहून चालू ठेवलं त्यांना जास्त फायदा. मात्र ते लोक सौम्य डिप्रेशनवाले होते, म्हणून तर पायरी शून्य.

मी आधी मस्त डायरी आणली, लाल कव्हर, रिबनवाली. दुसऱ्याच दिवशी ते कोरं पान बघून रडू आलं, म्हणजे एवढं भरायचं? मग नजर गेली भिंतीवरच्या कालनिर्णयवर. आपल्याकडे त्या चौकोनांत "दूध नाही", "गॅस लावला", "बाई रजा" असं सगळं लिहायची पद्धत आहेच, त्यातच पेन्सिलने लिहायला लागले, सगळं काही मावत नाही, "का" वालं मागच्या बाजूला. एक मंगळवार जसाच्या तसा देते:

"१. खालच्या काकूंनी अळूवड्या दिल्या. का? परवा त्यांच्या फोनवरून सिलिंडर बुक करून दिला होता. २. दुपारी रडू आलं नाही. का? माहीत नाही. ३. लाईट गेली नाही."

हसा खुशाल, पण असंच असतं. तिसरी गोष्ट कितीही फालतू चालते, आणि "आज अमुक वाईट घडलं नाही" हे पण चालतं. खरी मेख त्या "का" मध्ये आहे. अळूवड्या काही आकाशातून पडल्या नाहीत, त्यात माझा थोडासा हात होता, आणि हे मला लिहीपर्यंत दिसलं नव्हतं. बहुतेक लोक हा "का" गाळतात आणि मग म्हणतात की आम्ही केलं, काही झालं नाही.

दोन खड्डे मात्र सांगून ठेवते. एक, कधी कधी लिहिताना उलटाच परिणाम होतो, "एवढं सगळं आहे तरी मी अशी, म्हणजे मीच कृतघ्न" असं वाटायला लागतं. तसं झालं तर पेन्सिल खाली, त्या आठवड्यात फक्त पायरी एक, आणि काउन्सेलरला सांगायचं. दुसरा खड्डा म्हणजे कंटाळा, महिनाभराने नुसतं "चहा, चहा, चहा" यायला लागतं. सोन्या ल्युबोमिर्स्की म्हणून संशोधक आहेत, त्यांच्या एका प्रयोगात कृतज्ञतेची यादी आठवड्यातून एकदा करणाऱ्यांना फायदा दिसला, तीनदा करणाऱ्यांना नाही. म्हणजे शिळं व्हायला लागलं की रोजचं सोडून फक्त रविवारी करा, कुणी मार्क कापत नाही.

आरशासमोर "मी ग्रेट आहे" म्हणू नका

ही पायरी नाही, सूचना आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की "मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे" छापाची वाक्यं घोकली तर ज्यांचा स्वतःबद्दलचा आदर आधीच कमी आहे त्यांना अजूनच वाईट वाटतं. साहजिक आहे, आतून लगेच आवाज येतो, "हो का?" त्यापेक्षा मैत्रिणीला हेच झालं असतं तर तिला काय म्हणाले असते ते स्वतःला म्हणायचं. मी मैत्रिणीला "तू ग्रेट आहेस" म्हणाले नसते, "आज नाही जमलं ना, असू दे, जेवलीस का?" म्हणाले असते. तेवढंच पुरे आहे.

पायरी तीन: आपल्यात बरं काय आहे

२००४ मध्ये ख्रिस्तोफर पीटरसन आणि सेलिगमन यांनी माणसातल्या २४ बलस्थानांची यादी केली, उत्सुकता, दयाळूपणा, विनोदबुद्धी, चिकाटी, न्यायबुद्धी वगैरे, त्यावर व्हीआयए नावाची ऑनलाइन टेस्ट आहे, फुकट आहे, पंधरा-वीस मिनिटांत होते. आपली वरची चार-पाच बघायची आणि त्यातलं एक, आठवडाभर रोज, नव्या पद्धतीने वापरायचं. वर सांगितलेल्या २००५ च्या प्रयोगात हा दुसरा व्यायाम, ज्याचा परिणाम सहा महिने टिकला.

पण एक गडबड आहे जी कुणी सांगत नाही. डिप्रेशनमध्ये टेस्ट दिली की उत्तरं देते ती डिप्रेशन, तुम्ही नाही. माझी उत्सुकता पार तळाला आली होती, नवरा स्क्रीनवर बघून हसायलाच लागला, म्हणाला, "तू? बसमध्ये शेजारच्या बाईला पिशवीत काय आहे विचारणारी?" म्हणून टेस्ट देताना जवळचं कुणीतरी सोबत घेऊन बसा आणि आजाराच्या आधीच्या स्वतःला डोळ्यासमोर ठेवून उत्तरं द्या.

मग मी ती उत्सुकता कशी वापरली, तर पावसाळ्याचे दिवस होते, स्टेशनच्या रस्त्याला आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात, रोज एका भाजीबद्दल विचारायचं असं ठरवलं. टाकळा कसा करतात, फोडशीला कांदा किती लागतो, कंटोळी चिरायची की भरायची. घ्यायची सक्ती नाही, नुसतं विचारायचं. तिसऱ्या दिवशी त्यातली एक बाई मला लांबूनच बघून म्हणाली, "आज शेवळं आणलीत, खाजतात हां नीट केली नाही तर." त्या दिवशीचा आकडा सहा. आख्ख्या त्या वर्षातला पहिला सहा.

दयाळूपणा ज्यांचा वर येतो त्यांनी जरा जपून, विशेषतः घरातल्या बायकांनी. तुम्ही आधीच सगळ्यांचं करून करून इथवर आला असाल तर अजून कुणाचं तरी करणं हा व्यायाम नाही, यादीतलं दुसरं काहीतरी घ्या.

पायरी चार: माणसं

कृतज्ञता भेट म्हणून एक व्यायाम आहे, ज्या माणसाने आपलं भलं केलं पण आपण कधी नीट आभार मानले नाहीत त्याला पत्र लिहायचं आणि समोर जाऊन वाचून दाखवायचं. सेलिगमनच्या त्याच २००५ च्या प्रयोगात याचा परिणाम सगळ्यात जोरदार होता, पण महिनाभर टिकून नंतर ओसरला. म्हणजे हे रोजचं औषध नाही, सणासुदीचं आहे.

आपल्याकडे हे अवघड जातं ते वेगळंच. आईला थँक्यू म्हटलं तर ती म्हणते काय झालं, बरी आहेस ना, पैसे हवेत का. घरच्यांचे आभार मानले की परकं केल्यासारखं वाटतं. म्हणून मी घरचं कुणी न घेता शाळेतल्या गणिताच्या बाईंना फोन लावला, कागदावर आठ ओळी लिहून ठेवल्या होत्या. बाईंनी आधी विचारलं कोण, मग कुठली बॅच, मला काही त्यांनी ओळखलं नाही. तीन ओळी वाचल्या तोवर त्यांनी गुडघ्याच्या ऑपरेशनचं सुरू केलं, ते वीस मिनिटं. माझ्या पाच ओळी राहिल्याच. तरी फोन ठेवल्यावर मी उठून कपड्यांच्या घड्या घातल्या, सांगायच्याशिवाय, कशामुळे ते विचारू नका.

एवढं जमत नसेल तर दिवसाला एका माणसाशी दोन वाक्यं, वॉचमन, रिक्षावाला, कुणीही.

घरच्यांसाठी थोडंसं

पेशंट म्हणतो, "आज मी खाली जाऊन दूध आणलं." यावर चार उत्तरं येऊ शकतात. "हं." किंवा "बरं, आज भाजी कुठली करायची?" किंवा "एक दिवस आणलं म्हणून काय झालं, रोज कोण आणतं?" आणि चौथं, "अरे वा, मग? जिने चढताना दम लागला का? कोण भेटलं?" शेली गेबल या संशोधक बाईंनी २००४ मध्ये जोडप्यांमध्ये हे तपासलं होतं, चांगली बातमी सांगितल्यावर चौथ्या प्रकारचं उत्तर देणाऱ्यांची नाती जास्त समाधानी निघाली. टाळ्या वाजवायची गरज नाही, फक्त पुढचा एक प्रश्न विचारा. आणि सूर्योदयाचे फोटो बंद करा प्लीज.

हे सगळं कुठवर पुरतं

खोटं सांगणार नाही, फार मोठा चमत्कार नाही. २०१३ मध्ये अशा व्यायामांवरचे ३९ अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा डिप्रेशनवरचा परिणाम खरा पण लहान निघाला. गोळ्या किंवा थेरपी चालू असताना जोडीला म्हणून छान, त्यांच्या जागी नाही. आणि घरात मारहाण असेल, डोक्यावर कर्ज असेल, नोकरी गेली असेल, तर तिथे कृतज्ञतेची यादी करायला सांगणं हा जवळजवळ अपमान आहे, तिथे आधी वकील, पैसे, सुरक्षित जागा यांचं बघायचं. हे व्यायाम परिस्थिती गिळून टाकायला शिकवत असतील तर ते चुकीच्या पद्धतीने शिकवले जातायत.

आता वेळापत्रक विचाराल तर ढोबळमानाने असं: पहिले तीन आठवडे फक्त पायरी एक, एकाच कामापासून. मग तीन गोष्टी जोडायच्या. साधारण दुसरा महिना संपता संपता बलस्थानं, आणि माणसं अधूनमधून, झेपेल तशी. दर दोन आठवड्यांनी तीच पीएचक्यू-९ पुन्हा भरायची, माझी १७ वरून १५, मग परत १६, मग ११ अशी उतरली, सरळ रेषेत कुणाचीच उतरत नाही. चार दिवस काहीच झालं नाही तर पाचव्या दिवशी मागचं भरून काढायचं नाही, पुन्हा बादली. आणि डॉक्टरच्या पुढच्या अपॉइंटमेंटला कालनिर्णयच्या त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून न्या, "कसं वाटतंय?" विचारलं की आपलं तोंडच उघडत नाही, तेव्हा तो फोटोच पुढे करायचा. माझ्या डॉक्टरांनी तो झूम करून वाचला आणि विचारलं, "हे शेवळं काय आहे?"